ब्लेड लागलं असेल

बाबांच्या नाकपुडीच्या कडेला, जिथून गालाची घडी सुरू होते तिथे, एक बारीक खपली होती. टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी. ती पहिल्यांदा कधी दिसली हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. आठवतं ते एवढंच, की सकाळी त्यांच्या टॉवेलवर रक्ताचा एखादा ठिपका असायचा, आई विचारायची, "अहो, परत लागलं का?" आणि बाबा आरशातूनच उत्तर द्यायचे, "ब्लेड लागलं असेल." चार दिवसांनी खपली धरायची, आठवड्याने पडायची, खालून गुलाबी कातडी दिसायची आणि आम्ही सगळे जखम बरी झाली असं समजायचो. पंधरा दिवसांनी टॉवेलवर पुन्हा ठिपका.

असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत मी त्यांच्यासमोर किती वेळा बसले असेन त्याला गणती नाही. बोलताना आपण माणसाच्या डोळ्यांकडे बघतो, फार तर ओठांकडे. बाकीचा चेहरा आपण आठवणीतूनच भरून घेतो. माझ्या आठवणीतल्या चेहऱ्यावर ती खपली नव्हती, म्हणून मला ती दिसत नव्हती.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. खिडकीजवळ खुर्ची, मान मागे, मी वरून वाकलेली. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा लहानपणानंतर पाहिलाच नव्हता. डॉक्टरांनी काही दिवस दाढी करू नका, चेहऱ्यावर पाणी घेऊ नका असं बजावलं होतं. पांढरे खुंट वाढले होते. आणि नवव्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका होता.

"बाबा, तुम्ही तर नऊ दिवसांत दाढीच केलेली नाही."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "झोपेत नख लागलं असेल."

त्यांच्या या उत्तराचा मी नंतर फार विचार केला. पहिलं कारण मोडून पडलं त्याच क्षणी दुसरं कारण हजर झालं. ते खोटं बोलत नव्हते, काही लपवतही नव्हते. मनाला रिकामी जागा सहन होत नाही, एवढंच. अंगावर काही उगवलं, की त्याचं कारण आपण आधी शोधतो आणि कारण मिळालं की बघणं थांबवतो.

खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात मी ती जागा नीट पाहिली. मधोमध बारीकसा खळगा, त्यावर ओलसर खपली. भोवतालची कड किंचित वर उचललेली, आणि तिला मोत्यासारखी चकाकी. कडेवरून केसाहून बारीक लाल रेषा गेलेल्या. ब्लेडची जखम अशी नसते हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. डोळे मात्र त्या जागेवर अर्धा मिनिट ठेवावे लागतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "किती दिवसांपासून?" असा. दुसरा, "मध्ये पूर्ण बरी झाली होती का कधी?" मग त्यांनी भिंगासारखं एक छोटं, दिवा असलेलं यंत्र त्या जागेवर टेकवलं. डर्माटोस्कोप. त्यातून कातडीच्या वरच्या थराच्या आत थोडंसं डोकावता येतं. जागेपुरती भूल देऊन त्यांनी एक कण काढला, बायोप्सीसाठी पाठवला. बाबा घरी येताना म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी!" काही दिवसांनी अहवाल आला. बेसल सेल कार्सिनोमा.

कार्सिनोमा हा शब्द वाचला आणि माझे हात गार पडले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र फारशी काळजी नव्हती, आणि ती का नव्हती हे त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. कातडीच्या वरच्या थरात सगळ्यांत तळाशी ज्या पेशी असतात, त्यांच्यापासून हा बाबांचा प्रकार होतो. जगात सर्वांत जास्त आढळतो तोही हाच. तो फार हळू वाढतो आणि शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच पसरत नाही. पण जिथे आहे तिथे तो थांबत नाही. सोडून दिला तर नाकाची कूर्चा, पापणी, पुढे हाडसुद्धा खात जातो. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब नावाच्या डॉक्टरांनी चेहऱ्यावरच्या अशा व्रणाचं वर्णन लिहून ठेवलं. पुढच्या काळात या व्रणाला 'रोडंट अल्सर' असं इंग्रजी नाव पडलं, त्यात उंदरासारखं कुरतडणं आहे. दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर हे कुरतडणं चाललं होतं आणि आम्ही ब्लेडला बोल लावत होतो.

ऑपरेशन छोटं झालं. गाठीभोवतीची थोडी निरोगी कातडी धरून ती जागा काढली, कडा स्वच्छ आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, टाके घातले. आता तिथे एक फिकट रेघ आहे, ती गालाच्या घडीतच मिसळून गेली आहे. एक वर्ष आधी गेलो असतो तर रेघ आणखी लहान असती. आणखी पाच वर्षांनी गेलो असतो तर काय झालं असतं याची चित्रं डॉक्टरांच्या खोलीतल्या एका पुस्तकात होती. मी दोन पानं उलटली आणि ते मिटून ठेवलं.

दुसरा प्रकार, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, याहून जास्त जागं राहायला लावणारा. तो खरखरीत, जाडसर, लालसर चट्ट्यासारखा किंवा न भरणाऱ्या फोडासारखा दिसतो. कानाची वरची कड, खालचा ओठ, टक्कल पडलेलं डोकं, पालथा हात या त्याच्या आवडत्या जागा. हा लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे मूळ जागेच्या पलीकडे, पोचू शकतो. अनेकदा तो येण्याआधी कातडीवर सूचना मिळते. सँडपेपरसारखे खडबडीत ठिपके येतात, ते डोळ्यांना कमी आणि बोटांना जास्त कळतात. त्या टप्प्यावर ते गोठवून किंवा मलमानेही काढता येतात. म्हणून मी आता आईच्या कानांवरून, हातांवरून बोटं फिरवते. तिला वाटतं लेक लाड करतेय. तेही असतंच.

तिसरा मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. पहिल्या दोहोंपेक्षा बराच कमी आढळतो, पण त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक याच्या नावावर आहेत. २०२२ साली जगभरात साधारण ३ लाख ३० हजार लोकांना मेलानोमा झाला आणि जवळपास ६० हजार लोक त्याने गेले.

मेलानोमाबद्दल वाचायला लागले तेव्हा मला जमैकाचा कृष्णवर्णीय गायक बॉब मार्ली भेटला. त्याची गाणी तरुणपणी ऐकली होती, त्याचा मृत्यू कशाने झाला हे माहीत नव्हतं. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली एक जखम होती. तो फुटबॉलवेडा होता आणि ती जखम फुटबॉल खेळताना झाली असंच समजलं गेलं. जखम भरेना, तेव्हा तपासणी झाली. नखाखालचा मेलानोमा निघाला. ११ मे १९८१ रोजी तो गेला. वय ३६.

फुटबॉल लागला असेल. ब्लेड लागलं असेल. बूट चावला असेल. डास चावला असेल. चष्म्याची दांडी घासत असेल. वयाचे डाग असतील. आईलाही असाच होता, खानदानी तीळ आहे. यातलं प्रत्येक वाक्य शंभरातल्या नव्याण्णव वेळा खरंच असतं, आणि म्हणूनच ते इतकं धोक्याचं आहे.

मार्लीच्या गोष्टीतून आणखी एक कळतं. गडद कातडीच्या माणसाला त्वचेचा कर्करोग होत नाही, तो गोऱ्यांचा आजार, अशी आपली पक्की समजूत असते. माझीही होती. अर्धी बरोबर आहे ती. मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या गाभ्यावर छत्रीसारखं पसरतं आणि अतिनील किरण अडवतं, त्यामुळे सावळ्या, काळ्या कातडीत हे आजार गोऱ्या कातडीच्या मानाने पुष्कळच कमी होतात. पण ती छत्री किती जाड आहे हे अभ्यासकांनी मोजलं, तेव्हा अगदी गडद कातडीचं नैसर्गिक संरक्षण साधारण एसपीएफ १३ एवढंच भरलं. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या बाटलीवर असतो तो संरक्षणाचा आकडा. आणि गडद कातडीच्या लोकांना मेलानोमा होतो तेव्हा तो बरेचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचतही नाही आणि रंगद्रव्यही कमी असतं तिथे. उन्हाशी त्याचा संबंध जवळपास नाहीच. टोपी आणि क्रीम तिथे कामाची नाहीत, बघणं हाच एक उपाय उरतो. आणि तळपाय कोण बघतं?

सावळ्या कातडीत बेसल सेलची गाठही वेगळी वागते. ती मोत्यासारखी गुलाबी नसून बरेचदा काळपट, चकचकीत असते, आणि तीळ समजून सोडून दिली जाते. स्क्वेमस सेल बरेचदा उन्हाच्या जागा सोडून जुन्या जखमांच्या वणात उगवतो. लहानपणी भाजलेल्या पायाचा वण, वर्षानुवर्षं वाहणारा व्रण. झां-निकोला मार्जोलॅं या फ्रेंच शल्यवैद्यांनी १८२८ साली वणात होणाऱ्या अशा व्रणांबद्दल लिहिलं होतं, म्हणून आजही त्याला त्यांचं नाव आहे. वीस-तीस वर्षं शांत असलेला वण अचानक फुटला, त्याची कड जाड झाली, त्याला वास यायला लागला, तर तो दाखवायलाच हवा. आर्सेनिक असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं, तरी तळहातांवर खरखरीत कणी उठतात आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणजे ऊन हे मोठं कारण, पण एकमेव नव्हे.

बाबांच्या बाबतीत मात्र ते ऊनच होतं.

त्यांनी चौतीस वर्षं जमीन मोजली. थिओडोलाइट ट्रायपॉडवर चढवून, एक डोळा मिटून, उघड्या माळावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डोक्यावर कधी रुमाल असायचा, टोपी नसायचीच, कारण टोपीचा काठ दुर्बिणीला अडतो. लहानपणी मला त्यांच्या मानेवरची ती राकट, चौकोन चौकोन पडलेली कातडी फार आवडायची. मी त्यावर बोट फिरवत झोपायचे. ती कातडी म्हणजे ऊन साचल्याची खूण होती हे मला चाळिशीत कळलं.

अतिनील किरण पेशीत शिरला की डीएनएच्या शिडीवर एकमेकांशेजारी असलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. शिडी तिथे वाकते. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या उघड्या कातडीतल्या पेशींत असं दर दिवशी असंख्य वेळा होतं. आणि शरीर ते सतत दुरुस्त करत असतं. काही प्रथिनं शिडीवरून फिरत राहतात, वाकलेला तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढतात आणि नवा बसवतात. ही दुरुस्ती कशी चालते याचा नकाशा अझीझ सांजार यांनी उलगडला, त्यासाठी २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. ही दुरुस्ती जन्मतःच ज्यांच्यात बिघडलेली असते, त्या झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या दुर्मीळ आजाराच्या मुलांना अगदी लहान वयात, एकामागून एक, त्वचेचे कर्करोग होतात. त्यांच्याकडे पाहिलं की कळतं, आपल्या कातडीत न बोलावता केवढं काम चालू असतं.

पण चौतीस वर्षांत एखादा तुकडा सुटतोच. हा हिशेब उशिरा वसूल होतो, म्हणून त्यावर विश्वास बसत नाही. भाजलं की हात मागे येतो. उन्हाचा चटका वीस-तीस-चाळीस वर्षांनी लागतो, आणि तोवर त्या माळाचं नावही विसरायला झालेलं असतं. लहानपणी, तरुणपणी कातडी लाल होऊन सोलपटण्याइतकं भाजलेलं असेल, तर त्याने पुढचा मेलानोमाचा धोका वाढतो. म्हणून मुलांच्या डोक्यावर टोपी घालण्याचा आग्रह मला आता अजिबात फाजील वाटत नाही.

ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला फार उशिरा कळलं. अतिनील किरण जाणवत नाहीत. गार वारा असेल, पातळ ढग असतील, तरी ते येतच असतात. दर हजार मीटर उंचीला ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत उलटवतो. घाम येत नाही म्हणून ऊन नाही, हा हिशेब चुकीचा. अतिनील निर्देशांक आता हवामानाच्या अंदाजात, फोनवर सहज दिसतो. तो ३ किंवा त्याहून वर असेल, तर काळजी घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फोन नसेल तर सावली बघावी. आपली सावली आपल्यापेक्षा लहान दिसतेय, म्हणजे किरण सर्वांत तीव्र. बाबांना हे फार आवडलं. मोजणीदाराला सावलीची लांबी म्हणजे घरचीच भाषा.

काचेआडही पूर्ण सुटका नसते. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. साधी काच यूव्हीबी किरण बहुतांशी अडवते, पण यूव्हीए बरेच आत येऊ देते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेलं एक छायाचित्र मी अनेकांना दाखवलं आहे. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा चेहरा. खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसते. एकच माणूस, एकच वय, एकाच कपाळाखाली दोन चेहरे.

सनस्क्रीनबद्दल माझं मत बऱ्याच वेळा बदललं. आधी मला ती सौंदर्याची गोष्ट वाटायची. मग ऑस्ट्रेलियातल्या नंबूर नावाच्या गावातला अभ्यास वाचला. १९९२ मध्ये तिथल्या १६२१ लोकांचे गट पाडले. काहींना सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं, बाकीच्यांना जशी सवय आहे तशी लावा म्हणून सांगितलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी निघाले. पुढे अनेक वर्षं पाठपुरावा करून २०११ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यात मेलानोमा ११ जणांना झाला होता आणि दुसऱ्या गटात २२ जणांना. सनस्क्रीन लावायला दुसऱ्या गटालाही मनाई नव्हती. फरक 'रोज' या शब्दाचा होता.

आणि किती लावतो याचाही. एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, मग बाटलीवरचा आकडा निरर्थक होतो. पुरेसं लावलं तर ३० चं क्रीम ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० चं ९८ टक्के. एका टक्क्यासाठी जिवाची तगमग करण्यापेक्षा ३० चं, यूव्हीएही अडवणारं, भरपूर लावावं आणि बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा लावावं. पण माझ्या मते क्रीमचा नंबर शेवटचा. आधी सावली, मग पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा कपडा, मग सगळीकडून काठ असलेली टोपी. पुढेच काठ असलेली टोपी कान आणि मान उघडी सोडते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या प्रसिद्ध मोहिमेतला तो कार्टूनमधला समुद्रपक्षी तीनच गोष्टी सांगायचा: शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. त्यातही शर्ट पहिला.

कातडी मुद्दाम रापवण्याच्या यंत्रांबद्दल मात्र मला मधलं काही मत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती २००९ साली कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात टाकली, तंबाखूच्या पंगतीला. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. सुरक्षित यंत्र असं काही नसतं.

आता बघण्याबद्दल.

बाबांच्या टाक्यांनंतर आम्ही घरात महिन्यातून एकदा एकमेकांची कातडी बघायला लागलो. पहिल्या वेळी सगळ्यांनाच संकोच वाटला. बाबांनी सदरा काढून पाठ केली, आई चष्मा लावून मागे उभी राहिली, हातात टॉर्च. पन्नास वर्षांच्या संसारानंतर ती म्हणाली, "अहो, तुमच्या पाठीवर एवढे तीळ आहेत हे मला माहीतच नव्हतं." आम्ही फोनवर फोटो काढले, शेजारी पट्टी धरून, म्हणजे पुढच्या वेळी आकार ताडून बघता येईल. केसांत भांग पाडत पाडत डोकं पाहिलं. कानांच्या मागे, बगलेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, तळपायांवर. नखांना रंग असेल तर तो पुसून. झाकलेल्या जागा ज्याने त्याने हातआरशात पाहायच्या. अंदाजे पंधरा मिनिटं लागतात.

काय शोधायचं याची एक रीत न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली घालून दिली, तीच अजून सगळीकडे चालते. तिळाच्या मधून मनाने रेघ ओढायची आणि दोन अर्धी जुळतात का ते बघायचं. कड सुबक गोल आहे की नकाशातल्या किनाऱ्यासारखी दंतुर. रंग एकच आहे की त्यात काळा, तपकिरी, लाल, निळसर, पांढरा असे अनेक मिसळलेत. आकार पेन्सिलच्या मागच्या रबराएवढा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या वर गेलाय का. आणि नंतर यात भर पडली ती सर्वांत महत्त्वाची: तो बदलतोय का. वाढणं, खाजणं, रक्त येणं, काही आठवड्यांत उंच होणं. पण मेलानोमाचा एक प्रकार या रीतीला चकवतो. तो सुरुवातीपासूनच गोल, टणक, उंच गाठीसारखा असतो, कधी कधी काळाही नसतो, गुलाबी असतो, आणि आठवड्यागणिक वाढतो. त्याच्यासाठी थांबायला वेळ नसतो.

मला मात्र १९९८ साली फ्रेंच डॉक्टरांनी मांडलेली खूण जास्त जवळची वाटते. एका माणसाच्या अंगावरचे तीळ बहुतेक एकमेकांसारखे असतात, एकाच घरातल्या भावंडांसारखे. त्यांत जो वेगळा दिसतो, तो दाखवायचा. वेगळा म्हणजे मोठाच असं नाही. सगळे गडद असतील तर एकटा फिका. आईला हे एका वाक्यात समजलं. तिने टॉर्च फिरवला आणि म्हणाली, "हे सगळे एका वळणाचे आहेत."

जुन्या तिळांवरच लक्ष ठेवून भागत नाही. बहुतेक मेलानोमा, साधारण दहातले सात, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे उगवतात. म्हणून तिशी-चाळिशीनंतर आलेला नवा तीळ नजरेखाली ठेवायचा. नखात उभी काळी रेघ असेल तर घाबरून जायचं नाही, सावळ्या माणसांच्या अनेक नखांत अशा रेघा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखात आहे, रुंद होतेय, काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर सांडलाय, तर डॉक्टरांकडे जायचं. आणि कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही, किंवा बाबांच्या खपलीसारखी भरून भरून फुटली, तर ती दाखवायची. एवढं एक वाक्य आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं!

घाई का, याचं उत्तर अलेक्झांडर ब्रेस्लॉ नावाच्या विकृतितज्ज्ञाने १९७० साली मोजपट्टीवर दिलं. मेलानोमाचं भवितव्य तो किती पसरट आहे यापेक्षा किती खोल गेलाय यावर ठरतं, आणि ती खोली मिलिमीटरच्या भागांत मोजायची असते. एक मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे जागच्या जागी असताना सापडलेल्या मेलानोमात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे, दूरच्या अवयवांत पोचल्यावर ते साधारण एक तृतीयांशावर येतं. तरी आता तिथेही अंधार नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मेंदूपर्यंत पोचलेला मेलानोमा निघाला होता. प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या नव्या औषधांनी ते त्यातून बाहेर आले आणि शंभरी पाहून गेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काहीच तक्रार नसलेल्या प्रत्येकाने ठरावीक काळाने डॉक्टरांकडून पूर्ण अंग तपासून घ्यावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये, त्याने जीव वाचतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. ज्यांच्या अंगावर खूप तीळ आहेत, घरात मेलानोमा झालेला आहे, अवयव बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, ज्यांना आधी एकदा होऊन गेलाय, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी नियमित जायचंच. बाकीच्यांनी प्रत्येक ठिपक्यापायी झोप उडवू नये. मी स्वतः सुरुवातीला दोन महिने ती उडवून घेतली होती. ज्यात बदल होतोय, जे वेगळं आहे, ते दाखवलं की पुरतं.

आणि कृपा करून तीळ, चामखीळ म्हणून काही घरी जाळू, खरवडू नका. सौंदर्यासाठी काढून घेतलात तरी काढलेला तुकडा तपासायला पाठवणार का, हे आधी विचारा. जाळलेल्या तिळाला काय झालं होतं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

बाबा आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जातात. एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी होण्याची शक्यता बरीच असते. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर केस कापायच्या दुकानात बसले होते. नंबर यायचा होता. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, वर्तमानपत्र वाचत. बाबा बराच वेळ त्यांच्या कानाकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी अवघड होणार.

"माफ करा," बाबा म्हणाले. "कानामागे तुम्हाला काही लागलंय का?"

"हे होय? चष्म्याची दांडी घासते."

"किती महिन्यांपासून घासते?"

गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाबांनी आपल्या नाकाशेजारच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मला दोन वर्षं ब्लेड लागत होतं."

ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि कानामागे हात नेऊन ती जागा बोटाने चाचपायला लागले.